जिभेनं सेल तपासणाऱ्या बाई

टॉर्चचा सेल जिभेला लावून पाहणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं ते उपकेंद्रात रुजू झाले त्या दिवशी. ओसरीत पाय पसरून पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. समोर सुपात दहा-बारा सेल. तांब्याच्या तारेचं एक टोक सेलच्या बुडाला, दुसरं जिभेला, आणि सेलचं डोकंही जिभेलाच. डोळे मिटायच्या, चव घ्यायच्या आणि सेल उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवायच्या. मी चंद्रपूरहून तीन बस बदलून आले होते, नर्सिंगची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले होते, आणि पुढची काही वर्षं जिच्या हाताखाली काढायची ती बाई सेल चाटत बसली होती. मी बॅग खाली ठेवायचीही विसरले.

"काय पाहून राह्यली वो पोरी? ये, चाख एक," त्या म्हणाल्या. "आंबट लागला का जित्ता, नाई लागला का मेला."

मी नाही चाखला. दोन महिन्यांनी चाखला, आणि खरंच आंबट लागला.

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. सगळं गाव त्यांना नर्सबाई म्हणायचं, मी नुसतं बाई म्हणायची. माहेर वडशाजवळचं, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या त्या जंगलातल्या उपकेंद्रात त्यांनी इतकी वर्षं काढली होती की बदलीचा अर्ज कसा करतात हेही त्या विसरल्या होत्या.

बाईंचा छापलेल्या कोणत्याही अक्षरावर विश्वास नव्हता. "लिवनारा थोडाच इथी येनार हाये," हे त्यांचं पालुपद. बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र सेलवर चालतं, बीपीचं मशीन सेलवर चालतं, म्हणून नव्याकोऱ्या पाकिटातला सेलसुद्धा चाखल्याशिवाय आत जात नसे. जुलाबावरच्या पावडरीचं पाकीट फोडलं की आधी चिमूटभर त्यांच्या तोंडात. बाळ जोखायच्या झोळीच्या काट्याला तर त्या दर वेळी परीक्षेलाच बसवायच्या. पिशवीत नदीतला एक गुळगुळीत दगड असायचा, तालुक्याला धानाच्या काट्यावर जोखून आणलेला, बरोबर दोन किलोचा. आधी झोळीत दगड, मग बाळ. दगडाला त्या "माया मोठा पोरगा", म्हणजे माझा थोरला, म्हणायच्या. बायका हसायच्या, पण कोणाच्याही बाळाचं वजन चुकीचं लिहिलं गेलं नाही.

हिवाळ्यात चार दिवस रजा टाकून त्या वडशाकडे नाटकं पाहायला जायच्या. झाडीपट्टीतलं माणूस ते, नाटकाशिवाय हिवाळा सरत नाही. एकदा मलाही घेऊन गेल्या. तिसऱ्या अंकात दिराने विष कालवलेला दुधाचा पेला नायिकेने ओठाला लावला, आणि बाई मंडपात ताडकन उठून उभ्या राहिल्या. "अवो, आधी मांजरीले पाज नं थोडं!" मंडप हसून हसून आडवा. पेला हातात धरून ती नायिकाही हसू दाबत उभी. मी लाजेने शालीत तोंड लपवलं. बाई खाली बसल्या आणि पुटपुटल्या, "मंग काय तं. न तपासता पेते."

अशा माणसाची एक गंमत होती. एका गोष्टीपुढे त्यांची सगळी चिकित्सा पार गळून पडायची. ती म्हणजे सही.

सही ही बाईंच्या लेखी शपथच होती. एकदा तालुक्याहून एक साहेब आले, पल्याडच्या पाड्यावरचं लसीकरण झालं असं रजिस्टरमध्ये दाखवून सही करा म्हणाले, उद्या अहवाल जायचाय. बाईंनी पेन खाली ठेवलं, लसीची पेटी खांद्याला लावली आणि चालू पडल्या. साहेब म्हणाले, अहो बाई, नुसती सही तर करायची आहे. बाई मागे न वळता म्हणाल्या, "होय नं. मंग जाऊन येतो, मंग करतो." दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या, पोटऱ्यांवर जळवांचे डाग, आणि ओसरीतच सही केली. साहेब केव्हाच निघून गेले होते. मी म्हटलं, कोण बघतंय बाई? तर म्हणाल्या, "छापलेलं कोनाचंच नसते वो. सही मानसाची असते. हात गहान पडते त्याच्यात."

दुसऱ्याही माणसाची सही तशीच असते, हे मात्र त्यांनी कधीच तपासून पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे टॉवरची रेंज होती ती फक्त उपकेंद्रासमोरच्या मोहाच्या झाडावर, जमिनीपासून पुरुषभर उंच, तेही एकाच कंपनीची. माझं सिम दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे गावात माझा फोन निव्वळ घड्याळ. बाईंचा जुना बटनांचा फोन त्या फांदीला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला असायचा, वरून उपडा डबा, पाऊस लागू नये म्हणून. रिंग वाजली की असेल तिथून बाई धावायच्या. एकदा चार्ज केला की तो फोन आठवडाभर चालायचा. पलीकडच्या पाड्यांवरच्या पोटुश्या बायकांच्या घरी बाईंनी एकच गोष्ट पक्की सांगून ठेवली होती: पावसाळ्यात मधला नाला भरलेला असला तर कळा सुरू होताच टेकडीवर चढून फोन करायचा, आणि मी उचलल्याशिवाय पोटुशीला खाटेवर घेऊन निघायचं नाही. कारण डोंगा, म्हणजे लाकडाची होडी, आमच्या काठाला, डोंगा चालवणारा आमच्या गावात आणि रुग्णवाहिका बोलवायची आम्हीच. उगाच काठावर येऊन अडकण्यापेक्षा घरी थांबलेलं बरं. हे सगळ्यांना पाठ होतं. नर्सबाई फोन उचलते, हे तिथं सूर्य उगवतो तसं होतं.

मग सगळ्या नोंदी फोनवरच्या अॅपमध्ये भरायचा हुकूम आला. बाईंचा बटनांचा फोन त्यात काय कामाचा? वर्षभर त्यांच्याही नोंदी मीच माझ्या फोनवर भरल्या. दर आठवड्याला तालुक्याला जायचं, रेंजमध्ये बसायचं आणि दोघींच्या नोंदी अपलोड करायच्या. मला कंटाळा आला होता, सरळ सांगते. मीच बाईंच्या मागे लागले, की घ्या एक फोन. नवा परवडत नाही तर कंपनीने दुरुस्त करून विकलेला घ्या, ऑनलाइन मिळतात.

तालुक्याच्या बसस्टँडवर बसून मी त्यांना माझ्या फोनवर एक एक दाखवत होते. एका बसची वेळ टळली, दुसरीची वाट पाहत होतो. बाईंचे प्रश्न संपत नव्हते.

"वापरलेला म्हनजे कोनं वापरलेला?"

"ते नाही लिहीत बाई. पण बघा, बॅटरी हेल्थ शंभर टक्के. दीड दिवस चालेल म्हणतात. बत्तीस तपासण्या झाल्यात."

"कोनं तपासला?"

"त्यांचा माणूस असतो. तपासल्याचा सही केलेला कागद येतो सोबत."

बाईंचा चेहरा बदलला. "सही करून देते?"

"हो."

त्यांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "अजून काई लिवलं हाये का खाली?"

बस लागली होती. लोक दाराशी लोंबकळायला लागले होते. मी स्क्रीनवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "नाही. बास, एवढंच."

"घे मंग," बाई म्हणाल्या.

फोन आला तेव्हा बाईंनी तो उलटासुलटा केला, काठावरून बोट फिरवलं आणि फार हताश होऊन मला विचारलं, "ह्याले जीभ कुठी लावाची वो?" मी पोट धरून हसले. सेटिंग उघडून त्यांना आकडा दाखवला. बॅटरी हेल्थ शंभर टक्के, ठळक हिरव्या अक्षरांत. पण बाईंना त्या आकड्यात काही रस नव्हता. त्यांनी खोक्यातला तो कागद काढला. बत्तीस ओळी, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण, बॅटरीच्या ओळीपुढे 'उत्तम', आणि खाली निळ्या शाईत तपासनिसाची झोकदार सही. बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी केली आणि लसीकरणाच्या रजिस्टरच्या कव्हरात नीट सरकवून ठेवला. बटनांच्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं. ते मीच घातलं. दोन-दोन फोन कशाला सांभाळता, म्हणाले.

परत करायची मुदत सात दिवसांची होती. त्या सात दिवसांत लाइट होती, फोन चार्जिंगलाच असायचा, कोणाला काय कळणार?

श्रावणात तीन दिवस लाइट गेली. सोलरचं पॅनल वानरांनी आधीच लोळवलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी बाईंनी एकाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन लावून शंभर टक्के भरून आणला. सकाळी मोहाला टांगताना मला दाखवला, "चौसष्ट हाये. दिवस निंगते." रेंज धरायला धडपडणारा फोन बॅटरी खातो हे मलाही माहीत होतं, पण चौसष्ट म्हणजे चौसष्ट. पन्नास नाही, चाळीस नाही.

त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं, झाडापासून वीस पावलांवर. सकाळभर आम्ही पोरांना टोचत होतो. दाराशी पोरांची रडारड, बाहेर पाऊस. दुपारी जेवायला डबे उघडले तेव्हा बाई झाडाकडे पाहून म्हणाल्या, "आज कोनाची कळ नाई. बरं हाये, बापा." आणि भाकर मोडली. हे वाक्य मला अजून ऐकू येतं. किती निवांत म्हणाल्या होत्या.

भाकर संपायच्या आत चैतू आला. पल्याडच्या पाड्यावरचा तरणा माणूस, त्याची बायको मैनी पहिलटकरीण, पुरे दिवस भरलेली. भरल्या नाल्यातून पोहून आला होता तो. अंगावर नुसती चड्डी, गुडघा फुटून रक्त येत होतं. धापा टाकत दारात उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, फोन काऊन बंद ठेवला तू?"

"बंद?" बाई म्हणाल्या. "टांगला हाये नं."

"सकाळपासून लावून राह्यलो. आतली बाई हिंदीत बोलते. मले वाटलं रेंज नाई. अजून वर चढलो, अजून लावला. तू उचलशील म्हनून थांबलो." त्याने नाल्याकडे हात केला. "मंग निंगालो. खाट काठावर हाये."

बाई धावल्या. डबा उडवला, पिशवी ओढली. स्क्रीन काळी. बटन दाबलं, कंपनीचं चिन्ह उजळलं आणि विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. चौसष्ट टक्के असलेला फोन, पाऊस न लागलेला, न पडलेला, मेलेला होता. सकाळीच कधीतरी मेला असणार. मग सगळ्या बायाबापड्यांसमोर बाईंनी तो फोन तोंडाशी नेला आणि खालच्या धातूच्या फटीला जीभ लावली. एक क्षण डोळे मिटले. मग पिशवी उचलून नाल्याकडे पळत सुटल्या.

डोंगा पलीकडे नेईस्तोवर मैनी काठावर, खाटेवर, पावसात बाळंत झाली होती. सोबत सासू होती आणि खाट धरणारी चार माणसं तोंड फिरवून उभी होती. बाळ रडलं नव्हतं. बाई चिखलात बसल्या आणि त्या एवढ्याशा तोंडात फुंकर घालत राहिल्या, दोन बोटांनी छाती दाबत राहिल्या. मी मैनीचा रक्तस्राव पाहत होते. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, हळूहळू रक्त थांबलं. मैनी वाचली. मागे वळून पाहिलं तर बाई अजून फुंकत होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबल्या.

मुलगी होती. नोंदीसाठी वजन करावं लागतं. बाईंनी फांदीला काटा अडकवला, झोळीत आधी तो दगड ठेवला, काटा दोनवर आला तो पाहिला, दगड काढला आणि मग बाळ ठेवलं. अडीच किलोच्या वर भरली. धडधाकट, पुऱ्या दिवसांची पोर. वेळेवर डोंगा मिळाला असता तर आज शाळेत गेली असती.

आठवड्याने आम्ही दोघी वडशाला गेलो, मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात. चाळिशीचा माणूस होता, बाईंच्या गावाकडचाच निघाला. त्याने मागचं झाकण उघडलं, बॅटरी बाहेर काढली आणि तिच्यावरच्या कागदाचा कोपरा नखाने उचलला. नव्या लेबलाखाली जुनं लेबल होतं. मळकट, कडेला सोललेलं, वर्षानुवर्षं वापरलेल्या बॅटरीचं.

"म्हातारी बॅटरी हाये बाई. वरून नवं पातळ नेसवलं," तो म्हणाला.

"पन आकडा शंभर दाखवते नं, भाऊ?" मी म्हटलं. मीही आता बाईंसारखीच बोलायला लागले होते. "फोन खोटा आकडा कसा दाखवेल?"

त्याने गल्ल्याखालून हाताएवढं एक मशीन काढलं. दुसऱ्या कुणाची तरी फुगलेली, टाकून दिलेली बॅटरी त्याला जोडली. पडद्यावर आलं, हेल्थ एकसष्ट. त्याने दोन बटनं दाबली. आम्ही पाहत होतो, माझी पापणीही लवली नसेल, आणि आकडा झाला शंभर. बस्स. चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ. फुगलेली, मेलेली, कचऱ्यातली बॅटरी शंभर टक्के निरोगी झाली. फोन बिचारा चिपमध्ये लिहिलेलं वाचून दाखवतो, तो म्हणाला. त्याचा काही दोष नाही. अशी बॅटरी साठ-सत्तर दाखवता दाखवता एका दमात जाते.

चोरी मी पाहिली होती, भेसळ पाहिली होती. पण आजाऱ्याच्या कपाळावर 'बरा आहे' असं लिहून त्याला विकायचं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी तिथूनच कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, मॅडम, सात दिवस होऊन गेलेत, आणि बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. मी काहीबाही ओरडले. ती म्हणाली, आपला दिवस शुभ जावो.

बाई यातलं काहीच ऐकत नव्हत्या. त्यांनी रजिस्टरच्या कव्हरातून आणलेला तो कागद दुकानदारापुढे ठेवला. "भाऊ, पन ह्या मानसानं सही केली नं."

दुकानदाराने खण उघडला आणि तसलेच तीन कागद काढून शेजारी मांडले. वेगवेगळे फोन, वेगवेगळी गिऱ्हाइकं. सही तीच. तोच झोक, शेवटच्या फाट्याला तीच गाठ, तिथेच थांबलेली शाई. बाईंनी बोट जिभेवर ओलं केलं आणि आपल्या कागदावरची सही चोळली. निळा रंग हलला नाही. पुन्हा ओलं केलं, पुन्हा चोळली. कागदाचा लगदा झाला, भोक पडलं, पण शाई पसरली नाही, कारण ती शाई नव्हतीच. छापलेली होती.

"मानूसच नाई," बाई म्हणाल्या. बाळ गेलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. तिथे रडल्या, दुकानाच्या फळीला धरून, मोठ्याने.

इकडे गावात भलतंच सुरू झालं होतं. चैतू मोहाची पिऊन टेकडीवर पडून राहिला म्हणून बायकोला आणायला उशीर झाला, अशी कुजबुज. मैनीचा बाप पोरीला परत न्यायला येऊन बसला होता. तशात मृत्यूच्या चौकशीसाठी तालुक्याला बैठक झाली. अशा फॉर्ममध्ये उशीर कुठे झाला याचे रकाने असतात. चौकशी घेणारे साहेब वाईट नव्हते, बाईंना वाचवायलाच बघत होते. म्हणाले, "बाई, 'कुटुंबाने उशिरा कळवले' यावर खूण करा. सगळीकडे तेच असतं. तुम्हाला निवृत्तीला वर्ष राहिलंय, कशाला चौकशी अंगावर घेता?"

बाईंनी तो रकाना फुली मारून खोडला आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं. मी पाठीमागून वाचत होते. 'कुटुंबाने वेळेवर फोन केला. फोन माझा बंद होता. त्यात चौसष्ट टक्के दिसत होते, मी तपासून घेतले नाही. उशीर माझ्याकडून झाला.' खाली सही.

तिथून त्या थेट पाड्यावर गेल्या. गोटुलासमोर, पाड्याच्या बैठकीच्या घरासमोर, सगळी माणसं बसली होती, त्यांच्यापुढे उभं राहून हेच सांगितलं. "चैतूनं सकाळपासून फोन केला. मीच नाई उचलला. पोरीच्या बापा, जवायाचा दोष नाई, माया हाये." मैनी खाली मान घालून बसली होती. चैतू एवढंच म्हणाला, "आमी समजलो, तू उचलशील." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. मैनी त्याच्याच घरी राहिली.

चौकशी लागली ती लागलीच. नोकरीच्या शेवटच्या वर्षात बाईंवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. स्वस्तातला वापरलेला फोन त्यांनी नीट न पाहता घेतला का, हे ठरवायचं होतं. फोन मागवला मी, म्हणून माझा जबाब मागितला. मी लिहून दिला, की विक्रेत्याने जे जे लिहिलं होतं ते सगळं मी बाईंना वाचून दाखवलं होतं, त्यात शंका घ्यावी असं काहीही नव्हतं, बाईंनी शक्य तेवढी खात्री करूनच फोन घेतला. त्या जबाबामुळे बाई सुटल्या. समज देऊन प्रकरण मिटलं.

आता जे सांगायचं राहिलं आहे ते सांगते.

बसस्टँडवर बाईंनी विचारलं होतं, अजून काही लिहिलंय का खाली. लिहिलं होतं. 'अधिक माहिती'वर बोट ठेवलं की बारीक अक्षरांत दोन ओळी उघडायच्या: बॅटरी मूळ कंपनीची नसू शकते, दाखवलेला आकडा आणि प्रत्यक्ष टिकणं यांत फरक असू शकतो. मी त्या वाचल्या होत्या. बाईंना वाचून दाखवल्या असत्या तर त्यांनी फोन घेतलाच नसता, सेल चाखणारी बाई ती. मग दोघींच्या नोंदी आणखी वर्षभर मीच भरत बसले असते. आणि बस लागली होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

जबाब देऊन मी बाहेर आले तेव्हा, मी शाईच्या पेनाने सही केलेल्या दोन प्रतींपैकी एक साहेबांनी बाईंना वाचायला दिली होती. बाई कचेरीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी कागद अक्षर अक्षर वाचला. मग बोट जिभेवर ओलं केलं आणि माझ्या सहीच्या शेवटच्या अक्षरावरून फिरवलं. शाई पसरली, बोट निळं झालं. कितीतरी दिवसांनी बाई हसल्या.

"खरी हाये," त्या म्हणाल्या, आणि ते निळं बोट मला दाखवलं.